कवितेत शोभते, वादात फसवते

जव्हार संस्थानाच्या स्थापनेची एक कथा आहे. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा याने तिथल्या प्रमुखाकडे जमीन मागितली. फार नाही, एका बैलाच्या कातड्यात येईल एवढीच. एवढ्याशा मागणीला नाही कोण म्हणणार? शब्द मिळाला. मग जयबाने ते कातडे कापून त्याच्या बारीक वाद्या केल्या, एकीला एक जोडत नेली आणि त्या लांबलचक वादीने सारा मुलूख वेढून घेतला. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये ही कथा आली आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज नगरीबद्दलही हीच कथा सांगतात. तिथे कातडे कापणारी डिडो नावाची राणी आहे. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी तीच युक्ती सापडते, म्हणून तिला इतिहास न म्हणता आख्यायिका म्हणणे बरे.

विद्यार्थ्यांनी मात्र या कथेकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. ‘कातड्यात येईल एवढी’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. कातडे पसरले तर त्याखाली झाकली जाईल एवढी, किंवा कातड्याने वेढता येईल एवढी. देणाऱ्याने पहिला अर्थ धरला, घेणाऱ्याने दुसरा. एका शब्दातून दोन अर्थ निघण्याला साहित्याच्या तासाला श्लेष म्हणतात आणि तो ओळखला की गुण मिळतात. तोच प्रकार व्यवहारात झाला तर त्याला वाक्छल म्हणतात, आणि तो ओळखला नाही तर जमीन जाते.

आपल्याकडे अलंकार मराठीच्या तासाला शिकवतात. तर्कदोष शिकायचे तर अकरावी-बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय घ्यावा लागतो, तोही महाविद्यालयात असला तर. माझे म्हणणे असे, की दोन्ही एकत्र शिकावेत. भाषेच्या ज्या करामतीने कविता उभी राहते, त्याच करामतीने खोटा युक्तिवादही उभा राहतो. कवितेत सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असते, की हे शब्दशः घ्यायचे नाही. वादात ते एकालाच ठाऊक असते. कधीकधी कोणालाच नसते, आणि तेव्हा नुकसान सर्वांत जास्त होते.

जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत, हायस्कुलांत आणि दोन्ही गावांतल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना समोर ठेवून हे लिहितो आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी बोली आहे आणि वहीत प्रमाण मराठी. त्यामुळे उत्प्रेक्षा, अपन्हुती, हेत्वाभास असे शब्द आले की ते आपले नाहीत असे वाटू लागते. नावे संस्कृत आहेत हे खरे. पण त्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गोष्टी लग्नात धवलेरी गाते त्या गाण्यांत आहेत, आजीने घातलेल्या कोड्यांत आहेत आणि पाणवठ्यावरच्या भांडणातही आहेत. आधी गोष्ट ओळखा, नाव मागून लावा.

शब्दाच्या तीन शक्ती

सुरुवात अलंकारांपासून करू नका. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्तींपासून करा. बाकी सगळ्याचा पाया तिथे आहे. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ. ‘दिवाळीनंतर गावातली माणसे वीटभट्टीवर कामाला जातात’ हे वाक्य अभिधेने कळते. आता कोणी म्हणाले, ‘दिवाळीनंतर अर्धा मोखाडा भट्टीवर असतो.’ तालुका काही उठून भट्टीवर जात नाही. सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून आपण त्याला लागून असलेला अर्थ घेतो, मोखाड्यातली माणसे. ही लक्षणा. आणि एखाद्या पाड्यावर रात्री जेवताना बाप एवढेच म्हणतो, ‘झाली दिवाळी.’ पुढे काही नाही. पण नववीतल्या मुलीला त्यातून कळते, की आता सामान बांधायचे आणि कदाचित शाळा सुटणार. उच्चारले गेले नाही ते पोहोचले. ही व्यंजना.

व्यंजना समजायची असेल तर वाक्याला तीन प्रश्न विचारा: कोण बोलते, कोणाशी बोलते, कोणत्या वेळी बोलते. ‘झाली दिवाळी’ हेच शब्द जव्हारच्या बाजारातला कापड-दुकानदार म्हणाला तर अर्थ निघतो की गिऱ्हाईक संपले. कवितेचे रसग्रहण लिहिताना बहुतेक उत्तरे अभिधेवर थांबतात. कवितेत काय सांगितले आहे ते मुले नीट लिहितात, कवितेने न सांगता काय पोहोचवले ते लिहीत नाहीत. गुण तिथे जातात आणि कवितेची गंमतही तिथेच राहून जाते.

एक रांग, सहा अलंकार

अलंकार पाठ करण्यापेक्षा एकच दृश्य घ्या आणि ते वेगवेगळ्या अलंकारांत बोलून पाहा. मे महिन्यात टँकरची वाट पाहत उतारावर ठेवलेली हंड्यांची रांग घेऊ. ‘हंड्यांची रांग डोंगराच्या गळ्यातल्या माळेसारखी दिसते’ ही उपमा. इथे रांग हे उपमेय, माळ हे उपमान, ‘सारखी’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द. ‘हंड्यांची रांग जणू डोंगराच्या गळ्यातली माळच’ असे म्हटले की उत्प्रेक्षा झाली. उपमेय हे उपमानच आहे अशी कल्पना केली, पण ‘जणू’ म्हणून ती कल्पना असल्याची कबुलीही दिली. ती कबुली काढून टाकून ‘हंड्यांची ही माळ उतारावर पडली आहे’ म्हटले, तर रूपक. ‘ही हंड्यांची रांग नव्हे, माळ आहे’ म्हणून उपमेयाला नकारच दिला, तर अपन्हुती. ‘सोन्याची माळ हिच्यापुढे फिकी’ म्हणजे व्यतिरेक, कारण उपमेय उपमानाच्या वर गेले. आणि ‘डोंगर माळ घालून टँकरची वाट बघतो आहे’ म्हणजे चेतनागुणोक्ती, निर्जीवाला माणसासारखे वागायला लावले.

सहाही उदाहरणे व्याकरणात बरोबर आहेत. तरी मला विचाराल तर सहाही वाईट आहेत. रिकाम्या हंड्यांची रांग ही तहानेची रांग आहे. तिला दागिना म्हणणाऱ्याने ती लांबून पाहिली आहे. काश्मीरचा क्षेमेंद्र अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून हेच सांगत होता: अलंकार शोभतो तो योग्य जागी असला तर. ‘हंड्यांची रांग डोंगराच्या कोरड्या जिभेसारखी उतारावर लोंबते आहे’ असे म्हणून पाहा. अलंकार तोच, उपमा. पण आता तो दृश्याच्या बाजूने बोलतो. परीक्षेत ‘या ओळीत उपमा अलंकार आहे’ एवढे लिहून थांबू नका. ही उपमा इथे का, तिने कवितेतल्या भावनेला बळ दिले की तिला बाजूला सारले, हे एक वाक्य जास्त लिहा. त्या एका वाक्यावरून तपासणाऱ्याला कळते की मुलाने कविता वाचली आहे.

रूपक समजायला अवघड जाते असे शिक्षक सांगतात. या भागातल्या मुलांना ते अवघड जाण्याचे कारण नाही, कारण इथे बोहाडा हा सोंगांचा उत्सव आहे. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, सनई-संबळाच्या तालावर एकेक सोंग येते. रावणाचा मुखवटा लावून नाचणारा माणूस कोण, हे बघणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. सोंगाचा मान त्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असतो. तरी ते सोंग समोर येते तेव्हा तो रावणच असतो, आणि सकाळी मुखवटा उतरला की पुन्हा शेजारी. रूपकही असेच असते. दोन वस्तू एक झाल्या आहेत असे आपण काही काळ मानतो, त्या दोन आहेत हे कधीच न विसरता.

बाकीच्या संज्ञांपैकी एकीवर जास्त थांबतो, कारण तिच्यात चूक फार होते. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. कथा ‘मी’ने सांगितली असली तरी तो ‘मी’ लेखकाने उभे केलेले पात्र असू शकतो. तो खोटे बोलू शकतो, अर्धवट जाणू शकतो, लहान मूल असू शकतो. ‘लेखक म्हणतो’ असे लिहिण्याआधी पाहा, म्हणतो आहे तो कोण. प्रतिमा म्हणजे इंद्रियांना जाणवणारे शब्दचित्र. प्रतीक म्हणजे स्वतःपलीकडचा मोठा अर्थ वाहणारी वस्तू. वारल्यांच्या लग्नाच्या चौकात सवाशिणी पालघाट देवी काढतात तेव्हा ती भिंतीवरच्या पांढऱ्या रेघांपुरती राहत नाही. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, शांत हा नववा मागून मानला गेला. रस ओळखताना कवितेतला माणूस रडतो आहे का हे बघू नका. वाचताना तुमच्यात काय हलले ते बघा.

धूर, अग्नी आणि राब

आता दुसऱ्या बाजूला येऊ. युक्तिवाद म्हणजे काय, हे आपल्या परंपरेत गौतमाच्या न्यायसूत्रांनी फार बारकाईने सांगितले. त्यांच्या मते पूर्ण युक्तिवादाला पाच अंगे असतात, आणि न्यायशास्त्रातले एक जुने उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर दर उन्हाळ्यात घडते. पावसाआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात तेव्हा डोंगरावर धूर दिसतो. ‘त्या डोंगरावर आग आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तिथे धूर आहे’ हा हेतू. ‘जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत’ हे उदाहरण. ‘या डोंगरावरही तसाच धूर आहे’ हा उपनय. ‘म्हणून तिथे आग आहे’ हे निगमन. पुस्तकातले प्रत्येक मोठे भाषण, प्रत्येक वैचारिक निबंध या पाच अंगांत उलगडून पाहता येतो. कोणते अंग गायब आहे ते लगेच दिसते. बहुधा उदाहरण गायब असते, किंवा उदाहरणच हेतू म्हणून पुढे केलेले असते.

हेतू खोटा निघाला तर त्याला हेत्वाभास म्हणतात, म्हणजे कारणासारखे दिसणारे पण कारण नसलेले. आषाढात त्याच डोंगरावर पांढरे काही दिसले आणि तुम्ही त्याला धूर म्हटले, पण ते धुके निघाले, तर हेतूच असिद्ध. उलटीकडूनही चूक होते. ‘जिथे आग तिथे धूर असलाच पाहिजे’ असे कोणी म्हणाले तर त्याला लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडी गोळा दाखवा. तो पेटलेला असतो, पण त्यातून धूर निघत नाही. धुरावरून आग ठरते, आगीवरून धूर ठरत नाही. ‘मलेरियात ताप येतो, याला ताप आहे, म्हणून याला मलेरिया आहे’ ही याच जातीची चूक. तिच्यावर उपाय रक्ततपासणी आहे, अंदाज नाही.

न्यायसूत्रांतला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग छलाचा आहे, कारण साहित्य आणि तर्क तिथे एकमेकांना भिडतात. छल म्हणजे समोरच्याच्या बोलण्याचा मुद्दाम वेगळा अर्थ घेऊन त्याला हरवणे. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाक्छल. ‘याच्याकडे नवकंबल आहे’ असे कोणी म्हणतो. त्याला म्हणायचे असते नवी घोंगडी, आणि दुसरा विचारतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत? जयबाच्या वाद्या याच वर्गातल्या. दुसरा सामान्यछल. एका माणसाबद्दल केलेले विधान त्याच्या साऱ्या वर्गावर ताणायचे आणि मग ते खोडायचे. तिसरा उपचारछल. इथे लक्षणेने केलेले विधान अभिधेने घेतात. जुने उदाहरण आहे ‘माचे ओरडतात’. पिकाची राखण करायला शेतात माळा बांधतात, त्यावर बसलेला माणूस पाखरे हाकलायला ओरडतो, आणि आपण म्हणतो, माळे ओरडू लागले. त्यावर कोणी म्हणाला, ‘लाकूड कधी ओरडते का?’, तर तो उपचारछल झाला. सरकारी कचेरीत ‘गाव उपाशी आहे’ असे सांगणाऱ्याला ‘गावात एकही चूल पेटली नाही का?’ असे विचारतात तेव्हा हेच चाललेले असते. शब्दशक्ती ज्याला कळल्या त्याला इथे काय उत्तर द्यायचे तेही कळते. वाक्य लक्षणेचे आहे हे स्पष्ट सांगायचे, मग अभिधेत आकडा द्यायचा: किती घरे, किती दिवस, किती धान्य.

जीव घेणारा तर्कदोष

कावळा ताडावर बसायला आणि ताडफळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. याला काकतालीय न्याय म्हणतात. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे मानण्याचा हा दोष सगळ्यांत सहज होतो आणि या डोंगरात तो सगळ्यांत महागही पडतो. साप चावतो, माणसाला भगताकडे नेतात, मंत्र होतो, माणूस वाचतो. गाव म्हणते मंत्राने वाचला. आता यातली साखळी तपासा. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. माणसाला मारणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. म्हणजे भगताकडे नेलेल्यांतले पुष्कळ जण कुठेही नेले नसते तरी वाचले असते. जे वाचले नाहीत त्यांच्याबद्दल ‘उशीर झाला’ किंवा ‘देवाला मान्य नव्हते’ असे म्हटले जाते आणि ते मोजणीत धरले जात नाहीत. फक्त यश मोजायचे आणि अपयशाला वेगळे नाव द्यायचे, हा दुसरा दोष पहिल्याला जिवंत ठेवतो.

मण्यार बऱ्याचदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना फारशी होत नाही, सूज दिसत नाही, म्हणून ‘काही नाही, मुंगी असेल’ असा निष्कर्ष काढतात. ‘दुखत नाही, म्हणून विष नाही’ हाही हेत्वाभासच, आणि पहाटेपर्यंत श्वास थांबू शकतो. प्रतिविष या चारही सापांवर आहे, आणि ते दवाखान्यात मिळते, जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात. भगताशी भांडू नका. तो गावाचा माणूस आहे, आजारात आणि दुःखात लोकांच्या सोबत बसणारा आहे. त्याला एवढेच सांगा की मंत्र गाडीत बसून म्हणा. वेळ वाचला पाहिजे.

सामान्यीकरणाची घाई हा दुसरा मोठा दोष, आणि त्याचे नाते अर्थांतरन्यासाशी आहे. एका विशेष उदाहरणावरून सामान्य सिद्धांताला किंवा सिद्धांतावरून उदाहरणाला आधार देणे, हा तो अलंकार. कवितेत एक पान गळले की साऱ्या आयुष्याचा नियम सांगता येतो. वादात येत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुलांचे मृत्यू झाले आणि सगळ्या राज्याचे लक्ष इकडे वळले. तेव्हापासून आजपर्यंत कुपोषणावर बोलताना एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येते, की ‘हे लोक अंधश्रद्धाळू आहेत, दवाखान्यात येत नाहीत, म्हणून मुले दगावतात.’ एखादे कुटुंब खरेच आले नसेल. पण त्यावरून सगळ्यांबद्दल बोलणे हा एक दोष, आणि अनेक कारणांतले एकच उचलून बाकीची झाकणे हा दुसरा. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते. पाडा रस्त्यापासून लांब असतो. आई लहान वयात आई झालेली असते, पोटुशी असताना ती वीटभट्टीवर विटा वाहत असते. मूल भट्टीवर गेले की गावच्या अंगणवाडीच्या यादीतून ते सुटते. निबंधाला ‘कुपोषण’ हा विषय आला तर एका कारणावर बोट ठेवणारे वाक्य लिहिण्याआधी ही यादी आठवा. तुम्ही ती बाहेरच्या पत्रकारापेक्षा नीट लिहू शकता.

एका भागावरून सगळे ठरवण्याच्या या चुकीचा जुना दृष्टांत आंधळ्यांचा आणि हत्तीचा. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजांनी ‘दृष्टांतपाठा’त गोळा केले, त्यात तो आहे. दृष्टांत हा अलंकारांच्या यादीतही सापडतो आणि न्यायशास्त्रातही. पण त्याने सिद्धता होत नाही, समजूत पटते. ‘राज्य म्हणजे घर, आणि घरात एकाचेच ऐकावे लागते’ असे कोणी म्हणाले तर विचारा, घर आणि राज्य कुठे सारखे आहेत आणि कुठे वेगळे? उपमेत एक साधर्म्य पुरते. युक्तिवादात तेच साधर्म्य निष्कर्षाला लागू पडणारे असावे लागते.

पाण्याच्या वादात दोन दोष जोडीने येतात. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१२ मध्ये पूर्ण झालेले, १०२ मीटर उंच. त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात. कोणी म्हणाले, ‘धरणाजवळच्या गावांनाही पाणी मिळाले पाहिजे.’ उत्तर येते, ‘म्हणजे मुंबईकरांनी तहानेने मरायचे का?’ मूळ म्हणणे असे नव्हतेच. समोरच्याचे म्हणणे बदलून, सोपे करून, मग ते खोडणे हा एक दोष. आणि ‘मुंबई किंवा मोखाडा’ असे दोनच पर्याय आहेत असे भासवणे हा दुसरा, खोटा पेच. उत्तर देताना चिडू नका. आपले मूळ वाक्य तसेच्या तसे पुन्हा म्हणा आणि तिसरा पर्याय पुढे ठेवा. आपल्या बाजूनेही हीच काळजी घ्या. ‘एवढा पाऊस पडतो, तरी पाणी नाही, म्हणजे सगळे पाणी मुंबईनेच नेले’ हे वाक्य मोर्च्यात चालते, पण पुरे खरे नाही. काळ्या कातळाच्या उभ्या उतारावरून पाऊस वाहून जातो, मुरत नाही. धरण नसते तरी विहिरी आटल्या असत्या. हे मान्य केल्याने तुमची मागणी दुबळी होत नाही. उलट, समोरच्याच्या हातातले उत्तर तुम्ही आधीच काढून घेता.

बाकीचे दोष लवकर ओळखू येतात. मुद्दा सोडून माणसावर जाणे, ‘पाड्यावरून आलास, तुला काय कळते?’ किंवा उलट, ‘तुम्ही शहरातले, तुम्ही बोलूच नका.’ दोन्ही सारखेच चूक. फिरून तिथेच येणे, ज्याला शास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात: ‘नोकरी खरी आहे, कारण पत्रावर कंपनीचा शिक्का आहे, कंपनी खरी कशावरून, तर तिनेच हे पत्र पाठवले आहे.’ असे पत्र दाखवून पैसे मागणारे भेटले तर हा शब्द आठवा. आणि मोबाइलवर आलेला मजकूर. न्यायशास्त्र दुसऱ्याच्या शब्दाला प्रमाण मानते, पण तो आप्त असेल तरच. म्हणजे त्याला विषय माहीत असला पाहिजे आणि फसवण्याचा हेतू नसला पाहिजे. पाठवणारा काका असला तरी लिहिणारा काका नसतो.

सरावाला काय करावे

रसग्रहणासाठी एक वही करा. रोज पाच ओळी पुरतात. घरच्या बोलीतला एखादा वाक्प्रचार, कोडे किंवा गाण्यातली कल्पना लिहा, खाली तिचा प्रमाण मराठीत अर्थ लिहा, मग अलंकार किंवा शब्दशक्ती. ही वही वर्षभरात परीक्षेला उपयोगी पडेल, आणि पुढे कोणाला तरी बोलीच्या अभ्यासालाही. वारली लोकगीतांचे संकलन कविता महाजन यांनी केले होते. तुमच्या पाड्यावरची गाणी मात्र तुम्हीच लिहून घ्यायला हवीत.

तर्कासाठी वर्तमानपत्रातला एखादा छोटा लेख घ्या आणि पेन्सिलीने खुणा करा. जिथे विधान आहे तिथे प्रतिज्ञा, जिथे कारण आहे तिथे हेतू. मग ज्या वाक्यात अलंकार आहे त्याच्याखाली रेघ ओढा आणि ते वाक्य साध्या शब्दांत लिहून पाहा. ‘विकासाची गंगा दारी आली’ याचे साधे भाषांतर काय? किती किलोमीटर रस्ता, किती नळ, कोणत्या महिन्यात? साध्या शब्दांत लिहिल्यावर काही उरले तर तो मुद्दा. काही उरले नाही तर तो नुसता अलंकार होता, आणि लेख त्याच्यावरच उभा होता.

वादविवाद स्पर्धेची तयारी करताना न्यायसूत्रांतला आणखी एक भेद लक्षात ठेवा. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त तोडायची ती वितंडा. स्पर्धा बहुतेक जल्पाच्या असतात, त्यात बक्षीस मिळवायला हरकत नाही. सराव मात्र वादाचा करा. ‘जव्हारमध्ये पर्यटन वाढवावे का?’ हा विषय घ्या. दाभोसा धबधबा आणि जयविलास राजवाडा पाहायला लोक येतातच. एका गटाने रोजगाराची बाजू घ्यावी, दुसऱ्याने पाणी, कचरा आणि जमिनीच्या विक्रीची. नियम एकच. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडायचे, आणि त्याने ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हटल्यावरच पुढे बोलायचे. अर्ध्या तासाने बाजू बदला. कोणाचा कोणता मुद्दा खोडता आला नाही, तो फळ्यावर लिहून ठेवा आणि पुढचा तास त्याच मुद्द्यापासून सुरू करा.